एक शब्द बदलला आणि बॉण्डवाल्यांचे चेहरे पडले

नमस्कार मंडळी. ६ जून २०२५, शुक्रवार सकाळ. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा १० वाजता बोलायला बसले आणि रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या दराने उधार देते तो, थेट ६ वरून साडेपाच टक्क्यांवर आणला. बहुतेकांनी पाव टक्का धरला होता, मिळाला अर्धा, वर सीआरआर, म्हणजे बँकांना ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो पण टप्प्याटप्प्याने ४ टक्क्यांवरून ३ वर आणतो म्हणाले. सेन्सेक्स सातशेच्या वर पॉइंट चढून बंद झाला, ज्यांचं होम लोन रेपोला जोडलेलं ते पण खूश.

बॉण्डवाले, म्हणजे सरकारी कर्जरोखे घेणारे-विकणारे, मात्र नाराज. एवढं मिळाल्यावर नाराज कशाला, असं तुम्ही म्हणाल.

झालं असं की त्याच निवेदनात एक शब्द बदलला होता. एप्रिलमध्येच बँकेने आपला स्टान्स, म्हणजे पुढचा कल, ‘अकोमोडेटिव्ह’ केला होता. साध्या भाषेत, व्याजदर आता वर नेणार नाही, एकतर खाली नाहीतर आहे तिथेच. जूनमध्ये तो परत ‘न्यूट्रल’ केला, तटस्थ. म्हणजे वर पण जाऊ शकतो आणि खाली पण. शिवाय फेब्रुवारीपासून १ टक्का कमी केलाय, आता फार जागा उरलेली नाही, हेही सांगून टाकलं. आता बघा, १० वर्षांचा सरकारी बॉण्ड घेणारा माणूस आजचा दर बघून थोडाच पैसे लावतो, तो बघतो पुढे दर अजून उतरणार का, कारण दर उतरले की हातातल्या जुन्या बॉण्डची किंमत वाढते आणि तोच त्याचा धंदा. ती आशाच गेली. पुढच्या काही आठवड्यांत यील्ड, म्हणजे बॉण्डची किंमत पडली की वाढणारा त्यावरचा परतावा, उतरायचं सोडून वर सरकलं. तुमचा हप्ता आकड्याने हलला, सरकारचं कर्ज शब्दाने.

याहून भारी किस्सा २०१३ चा. २२ मेला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्की तिथल्या संसदेच्या समितीपुढे बोलता बोलता म्हणाले की परिस्थिती सुधारत राहिली तर पुढच्या काही मीटिंगांमध्ये आम्ही बाजारात पैसा ओतायला चाललेली बॉण्ड खरेदी कमी करू शकतो. करू शकतो हां, करतो नाही! महिन्याला ८५ अब्ज डॉलरची खरेदी चालू होती, त्यातला एक डॉलर पण त्या दिवशी कमी झाला नाही, खरी कपात जानेवारी २०१४ ला सुरू झाली. पण तोवर कोण थांबतंय, परदेशी पैसा आपल्यासारख्या देशांतून निघाला आणि ५५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ६८ च्या पुढे. आपली चालू खात्याची तूट (परदेशातून येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारा पैसा जास्त) मोठी होती, महागाई होती, म्हणून जास्त लागलं हे खरं, पण ठिणगी त्या वाक्याचीच.

मल्होत्रांच्या आधीचे गव्हर्नर शक्तिकांत दासांची तऱ्हा वेगळी. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी महागाईला हत्ती केलं, म्हणे हत्ती आता फिरायला बाहेर पडलाय आणि जंगलाकडे परत चाललाय असं दिसतंय. लोकांना गंमत वाटली, मला पण आवडलं, पण ट्रेडरने त्यातून काय घ्यायचं? तर ‘दिसतंय’ एवढंच. गेलाय असं काही ते म्हणाले नाहीत, आणि रेपो साडेसहावरच राहिला, पुढचे कित्येक महिने.

म्हणून बँकांच्या डीलिंग रूममध्ये, जिथे बॉण्डची खरेदी-विक्री चालते, पॉलिसी जाहीर होते त्या दिवशी मागचं निवेदन आणि नवीन निवेदन शेजारी शेजारी उघडून बसतात. आकडा एका मिनिटात कळतो हो, मग शोधायचं कुठला शब्द गायब झाला ते.