उशाजवळचा स्टिरिओ संच

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओ, गजराचे घड्याळ आणि दोन स्पीकर एकाच पेटीत सामावलेला छोटेखानी स्टिरिओ संच घ्यायला आपण दुकानात जातो, तेव्हा खोक्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा सर्वांत आधी नजरेत भरतो, आणि माझ्या मते सर्वांत कमी भरवशाचा आकडाही तोच असतो. पीएमपीओ या नावाने छापल्या जाणाऱ्या संख्येच्या मोजणीला सर्वमान्य मानक नाही. आरएमएस म्हणून दिलेली संख्या मात्र सलग मिळणारी शक्ती सांगते. संच पाठमोरा करून तो वीज किती घेतो हे मागच्या पट्टीवर वाचावे. वीस वॉट वीज घेणारा संच हजार वॉटचा आवाज आणणार कुठून? झोपायच्या खोलीला पाच-दहा वॉट पुष्कळ झाले.

खरी पारख रेडिओची करावी. स्टिरिओ एफएम प्रक्षेपणात डाव्या आणि उजव्या बाजूच्या ध्वनींची बेरीज एका भागात पाठवली जाते, तर त्यांची वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहक, म्हणजे मुख्य लहरीतच सामावलेल्या दुय्यम लहरीवर स्वार होऊन येते आणि तिची खूण म्हणून १९ किलोहर्ट्झचा एक सूर सोबत असतो. केंद्र लांब असले की खरखर आधी शिरते ती या वजाबाकीच्या भागात. अशा वेळी मोनोचे, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच ध्वनी देणारे बटण दाबले की तो भाग वगळला जातो आणि निवेदकाचा आवाज एकदम स्वच्छ होतो. म्हणून हे साधेसे बटण ज्या संचावर आहे तो मी पसंत करीन. एरियलची दांडी पाऊण मीटरच्या आसपास उघडावी, कारण १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी तेवढीच भरते.

मध्यम लहरींची गोष्ट निराळी आहे. त्यांचे एरियल पेटीच्या आतल्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले असते, त्यामुळे दांडी ओढून काही साधत नाही, संचच थोडा फिरवावा लागतो. आपल्याकडे मध्यम लहरींवरील केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, पुणे ७९२ वर. अमेरिकेतून नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला अंकदर्शी संच १० किलोहर्ट्झच्या पायरीने चालतो, म्हणजे तो ५५० वरून थेट ५६० वर जातो आणि ५५८ त्याला नेमके सापडत नाही. काही संचांत ही पायरी बदलण्याची सोय असते, ती आधी विचारून घ्यावी. शिवाय त्यातले घड्याळ तिथल्या विजेच्या सेकंदाला होणाऱ्या ६० आवर्तनांवर वेळ मोजणारे असेल, तर आपल्या ५० आवर्तनांवर ते तासाला दहा मिनिटे मागे पडते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरते, आवर्तने तेवढीच राहतात.

आता गजर. रेडिओने जाग यावी ही कल्पना सुखद असली, तरी ज्या केंद्राची पहिली सभा सहाच्या सुमारास सुरू होते, त्याच्यावर पाचचा गजर लावणाऱ्याला नुसती खरखर ऐकू येईल. तेव्हा बझरचा पर्याय हवाच. दोन वेगवेगळे गजर, हळूहळू चढत जाणारा आवाज आणि रात्री मंद करता येणारे आकडे या सोयी उपयोगाच्या आहेत. अनेक संचांत गजर तात्पुरता थांबवणारे स्नूझचे बटण नऊ मिनिटांची सवलत देते, ती कोणाला किती मानवते हे ज्याचे त्याने ठरवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वीज गेल्यावर काय होते. तळाशी बसवायचा बटणसेल बहुधा घड्याळाची वेळ तेवढी जपतो, गजर वाजवण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. भारनियमनाच्या गावी मोठ्या सेलवरही चालणारा संच घ्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदारासमोर गजर लावून, प्लग काढून, तो वाजतो का ते ऐकून घ्यावे.