कूलिंग कॉइलसमोरचा अतिनील दिवा

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेत एक पत्र्याची खोलीवजा पेटी असते. तिला एअर हँडलिंग युनिट म्हणतात. पंखा बंद करून, त्याच्या स्विचला कुलूप घालून या पेटीचं दार उघडा आणि कूलिंग कॉइलच्या (थंड पाण्याच्या नळ्या आणि त्यांवरचे पातळ पत्रे यांच्या जुडग्याच्या) मागच्या अंगाला, म्हणजे गार झालेली हवा जिथून बाहेर पडते त्या बाजूला, हळूच बोट फिरवा. बोटाला बुळबुळीत लागलं आणि ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला, तर तिथे जीवाणू आणि बुरशी यांनी मिळून घर केलं आहे असं समजा. आजचं बोलणं या थराबद्दल आहे, आणि तो धरूच न देणाऱ्या अतिनील दिव्याबद्दल.

हा थर मागच्याच बाजूला का जमतो? कॉइलच्या नळ्यांतून साधारण ६-७ अंश सेल्सिअसचं पाणी खेळत असतं. त्यामुळे हवेतली वाफ पत्र्यांवर, म्हणजे फिनांवर, दव धरते. वाऱ्याचा रेटा ते पाणी मागे ढकलतो. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ त्या पाण्याला चिकटते. अंधार, ओल आणि खायला धूळ, बुरशीला आणखी काय हवं! फिनांमधलं अंतर जेमतेम २ मिलिमीटर असतं. दोन्ही अंगांना पाव-पाव मिलिमीटर थर बसला तरी हवेची वाट चौथाईने अरुंद होते. मग पंख्याला जोर लावावा लागतो, नाहीतर हवा कमी जाते. शिवाय हा थर पाणी धरून ठेवतो आणि धातू व हवा यांच्यात गोधडीसारखा आड येतो. खोल्या गार होत नाहीत म्हणून कुणीतरी थंड पाण्याचं तापमान आणखी खाली आणतं. वीज वाढते, पण मूळ दुखणं तिथेच राहतं.

नेहमीचा उपाय म्हणजे रसायन फवारून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणं. त्याने दर्शनी भाग चकचकीत होतो. पण कॉइल नळ्यांच्या सहा किंवा आठ ओळींइतकी खोल असेल, तर बराचसा राडा बाहेर येण्याऐवजी आत जाऊन बसतो. फवारा जास्त झाला की फिना वाकतात, आणि रसायन जहाल असेल तर ॲल्युमिनियम खातं. आतली बुरशी जिवंत असल्यामुळे थोड्याच आठवड्यांत थर पुन्हा वर येतो.

उजेडाने जीवाणू मरतात हे ज्ञान जुनं आहे. इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ साली सूर्यप्रकाशाचा हा गुण दाखवून दिला. नील्स फिन्सन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालं, ते त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचारासाठी. आपल्या कामाचा दिवा म्हणजे कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेची ट्यूब. तिचा बहुतेक अतिनील प्रकाश २५३.७ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीवर येतो. डीएनए सर्वांत जास्त शोषतो ती तरंगलांबी याच्या अगदी शेजारी, २६५ नॅनोमीटरच्या आसपास आहे. किरण शोषला गेला की डीएनएमधल्या शेजारशेजारच्या थायमिन या घटकाच्या कड्या एकमेकींना जखडतात, आणि पेशीला स्वतःची नक्कल काढता येत नाही. वाढ थांबते.

आता मुख्य मुद्दा. हा दिवा जोराच्या बळावर काम करत नाही, वेळेच्या बळावर करतो. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. कॉइलच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोवॅट पडत असतील, तर तासाला ३६० मिलिज्यूल मात्रा होते आणि २४ तासांत ८,६४० मिलिज्यूल. साधे जीवाणू थोड्याशा मिलिज्यूलांत निकामी होतात. काळ्या बुरशीचे बीजाणू फार चिवट, त्यांना शेकड्यांनी मिलिज्यूल लागतात. पण कॉइल कुठे पळून जात नाही. ती रात्रंदिवस दिव्यासमोर उभी असते, त्यामुळे चिवट बीजाणूंचीही मात्रा काही तासांत भरते.

हवेचं गणित मात्र उलटं आहे. कॉइलमधून हवा साधारण सेकंदाला अडीच मीटर वेगाने निघते. दिव्याच्या उजेडाचा पट्टा ६० सेंटिमीटरचा धरला, तर हवेतला जंतू पाव सेकंदही उजेडात राहत नाही. सरासरी ५०० मायक्रोवॅट धरले तरी त्याच्या वाट्याला जेमतेम ०.१२ मिलिज्यूल येतात. म्हणून कॉइलसाठी बसवलेल्या दिव्याने इमारतीतली हवा निर्जंतुक होते, असं कुणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब मांडायला सांगा. हवेसाठी दिव्यांची योजना निराळी आणि कितीतरी जास्त ताकदीची लागते.

किती तीव्रता पुरते? अॅश्रे या अभियंत्यांच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, सतत चालणाऱ्या दिव्यासाठी कॉइलच्या पृष्ठभागावर किमान ५० ते १०० मायक्रोवॅट मिळायला हवेत. हा आकडा मोजायचा कुठे, यात फसगत होते. सुमारे ९० सेंटिमीटर लांबीची ५५ वॅटची जोरकस ट्यूब जवळपास १८ वॅट अतिनील प्रकाश देते. ती ३० सेंटिमीटरवर ठेवली, तर तिच्या ऐन समोर ९००-१,००० मायक्रोवॅट सहज मिळतात. पण प्रश्न ऐन समोरच्या जागेचा नाही, कोपऱ्यांचा आहे. अतिनील तीव्रता मोजणाऱ्या मीटरचा सेन्सर कॉइलच्या चारही कोपऱ्यांवर आणि दोन दिव्यांच्या मधल्या पट्ट्यावर धरा. तिथला सर्वांत लहान आकडा हाच तुमच्या बसवणीचा आकडा. मीटर २५४ नॅनोमीटरसाठीच अंशशोधन केलेला हवा. मोजताना पंखा चालू असावा, कारण गार वाऱ्यात ट्यूबचा उजेड बराच कमी होतो. ट्यूबच्या काचेवरची सर्वांत थंड जागा ४० अंशांच्या आसपास असते तेव्हा ती भरात असते. १२-१३ अंशांचा वारा अंगावर आला की साधी ट्यूब गारठते. म्हणून या कामासाठी थंड, वाहत्या हवेला धरून बनवलेल्याच ट्यूब घ्याव्यात. वाऱ्याबाहेर उभं राहून दाराच्या फटीतून मोजणी करणं धोक्याचं आहे. सेन्सर आधी आत बांधा, दार लावा, आकडा बाहेर वाचा.

दिवे कॉइलच्या मागच्या बाजूला, फिनांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, आडव्या रांगांत बसवावेत. सगळ्यांत ओली बाजू तीच, आणि खालचा ड्रेन पॅनही, म्हणजे टपकलेलं पाणी गोळा करणारी थाळी, त्याच उजेडात येतो. पॅनमध्ये पाणी साचून राहत असेल तर आधी त्याचा उतार आणि ट्रॅप (निचऱ्याच्या नळीचा पाणी धरणारा वाक) दुरुस्त करा. गढूळ पाण्याच्या तळाशी अतिनील किरण पोचत नाहीत. समोरच्या बाजूला, फिल्टर आणि कॉइलच्या मध्ये, दिवा बसवायला जागा सोयीची वाटते. पण त्या बाजूने ओल कमी, पॅन अंधारात, आणि उजेड थेट फिल्टरवर पडतो.

किरण आतल्या ओळींपर्यंत कसे पोचतात? फिनांवर आपटत आपटत. ॲल्युमिनियम हे किरण चांगले परतवतं, स्टेनलेस स्टील त्या मानाने खूपच कमी. साधा पांढरा रंग डोळ्यांना लख्ख दिसला, तरी त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण गिळून टाकतो. म्हणून पेटीच्या आतल्या भिंतींना रंग देण्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, तर कोपऱ्यातला आकडा वाढतो. फिनांवर निळा किंवा सोनेरी लेप असेल, तर तो अतिनील प्रकाशात टिकतो का हे कॉइल बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

बसवण्याआधी पेटीत टॉर्च घेऊन फिरा. दिवा जिथे जाणार तिथे टॉर्च धरली की ज्या वस्तू उजळतील, त्या सगळ्यांवर किरण पडणार. वायरचं आवरण, पंख्याचा पट्टा, रबरी गॅस्केट, फोमचं अस्तर, प्लॅस्टिकचा ड्रेन पॅन, सिंथेटिक फिल्टरचा धागा, हे सगळं काही महिन्यांत पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि तुटतं. वायरी धातूच्या पाइपात घाला, बाकीच्यांना ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल टेप लावून झाका. ठिसूळ झालेला फिल्टर फाटला की धूळ थेट कॉइलवर येते, आणि मग दिवा असून नसल्यासारखा.

कारण दिवा धूळ उडवत नाही, हे पक्कं लक्षात असू द्या. कॉइल आधीच गच्च भरलेली असेल तर एकदा नीट धुऊन मगच दिवा लावा. थर मध्यम असेल तर तो आधी मरतो, मग हळूहळू विरतो आणि पाण्याबरोबर पॅनमध्ये उतरतो. याला एक ते तीन महिने लागू शकतात. त्या काळात ड्रेनची जाळी वारंवार पाहा, सुटलेला गाळ तिथेच अडकतो.

गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या हीटिंग कॉइलचं काय, हा प्रश्न रास्त आहे. निव्वळ हीटिंगची कॉइल कोरडी असते. तिच्यावर बुरशी नव्हे, धूळ आणि तंतू बसतात. तिथे दिव्यावर पैसा घालू नये, चांगला फिल्टर आणि ब्रश पुरेसा. एकच कॉइल ऋतूप्रमाणे गार आणि गरम अशी दोन्ही कामं करत असेल, तर मात्र दिवा हवा.

पंख्याबरोबर दिवाही बंद करण्याची सवय सर्रास आढळते. ती सोडा. पंखा थांबल्यावर कॉइल तासन् तास ओली राहते, हवा हलत नाही, आणि बुरशी तेव्हाच जोमाने वाढते. दिवा २४ तास चालू द्या. वर्षाचे ८,७६० तास होतात, आणि ट्यूबचं उपयोगी आयुष्य साधारण ९,००० तास असतं. म्हणून वर्षाला एकदा, ठरलेल्या तारखेला, सगळ्या ट्यूब एकदम बदला. निळा उजेड दिसतो म्हणून ट्यूब ठीक आहे असं समजू नका. तो निळेपणा पाऱ्याच्या वाफेचा दृश्य प्रकाश आहे. अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि ते घटल्यावरही निळेपणा तसाच राहतो. ट्यूब उघड्या बोटांनी धरू नका, त्वचेचं तेल काचेवर भाजून डाग पडतो. हातमोजे घाला आणि दर तीन महिन्यांनी, वीज बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसा. घेताना ट्यूब ओझोन न करणारी आहे ना, ते पाहा. पाऱ्याची दुसरी रेषा १८५ नॅनोमीटरची असते आणि तिने ओझोन तयार होतो. योग्य काच ती आतच अडवते.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. ५५ वॅटच्या चार ट्यूब वर्षभर चालल्या तर सुमारे १,९३० युनिट वीज जाते, ट्यूब पेटवून चालवणाऱ्या बॅलास्टची थोडी वेगळी. ती भरून निघते का, हे तुमच्याच यंत्रावर तपासा. दिवा लावण्याआधी पंख्याचा ठरावीक वेग ठेवून कॉइलच्या दोन्ही बाजूंमधला दाबाचा फरक मॅनोमीटरवर मोजा. पाणी आणि हवा यांची आत-बाहेरची तापमानंही लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच वेगाला, फिल्टर नवे असताना, तेच आकडे पुन्हा घ्या. दाबाचा फरक उतरला नाही, तर कोपऱ्यांतली तीव्रता तरी अपुरी आहे किंवा अडथळा धुळीचा आहे.

माणसांवर होणारा परिणामही तपासला गेला आहे. मॉन्ट्रियलमधल्या तीन कार्यालयीन इमारतींत असे दिवे ४ आठवडे चालू आणि १२ आठवडे बंद, असं चक्र तीनदा फिरवलं, आणि ७७१ कर्मचाऱ्यांना कधी चालू, कधी बंद ते कळू दिलं नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली आलेल्या या अभ्यासात उजेडातल्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्मजंतू ९९ टक्क्यांनी घटले, आणि कामाच्या जागी जाणवणाऱ्या तक्रारीही कमी झाल्या.

आता सुरक्षितता, आणि इथे सूट नाही. त्वचा आणि डोळे यांच्यासाठी ८ तासांची जी मर्यादा दीर्घकाळ पाळली गेली, ती दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूलची. ९०० मायक्रोवॅटच्या उजेडात ती सात सेकंदांत संपते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. म्हणून पेटीच्या प्रत्येक दाराला असा स्विच हवा की दार उघडताच दिवे विझतील, आणि दार लागल्यावर हाताने सुरू केल्याशिवाय पुन्हा पेटणार नाहीत. दाराबाहेर मुख्य स्विच आणि इशाऱ्याची पाटीही हवी. आत पाहायला साध्या काचेची खिडकी ठेवा, साधी काच हे किरण अडवते.

आणि ट्यूब फुटली तर? तिच्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. पंखा लगेच बंद करा, म्हणजे वाफ डक्टमधून खोल्यांत जाणार नाही. पेटीची दारं उघडी टाकून बाहेर या आणि ती जागा वारा खाऊ द्या. नंतर हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणबंद बरणीत ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यांनी पारा पसरतो. कॉइलखालच्या पॅनमध्ये काचा पडल्या असतील तर पाणी सोडण्याआधी त्या वेचा. ही बरणी आणि वर्षाअखेरी काढलेल्या जुन्या ट्यूब कचराकुंडीत टाकू नका, पाऱ्याचा कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्या.