कोमट पाणी आलं कुठून?

हा दगडाचा चौकोनी ठोकळा. मधोमध आरपार भोक, आणि भोकाच्या आतून क्षारांची पुटं, गीझरच्या कॉइलवर चढतात तशी. तुर्कस्तानात देनिझ्लीजवळ प्राचीन लावदिकीया शहराचे अवशेष आहेत. ही तिथली पाण्याची नळी.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या 3ऱ्या अध्यायात, इथल्या मंडळीला (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समूहाला) प्रभू येशूचं पत्र आहे. त्यात तिला 'शीत नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस' असं म्हटलंय. मराठी श्रोता इथेच अडखळतो, कारण सकाळी कोमट पाणी प्यावं हे तर घरोघरी सांगतात. त्यात उष्ण म्हणजे आवेशी आणि शीत म्हणजे विश्वासापासून दुरावलेला असा अर्थ लावला, तर 'तू शीत असतास तर बरं' असं प्रभू कशाला म्हणेल?

इथे नकाशा कामाला येतो. उत्तरेला साधारण 10 किलोमीटरवर हेरापली, आजचं पामुक्काले, गरम झऱ्यांचं गाव. पूर्वेला कलस्सै, तिथलं पाणी थंड. एक अंग शेकायला, दुसरं तहान भागवायला. कोमट कशालाच नाही.

इथपर्यंत ठीक. पण 'हेरापलीचं गरम पाणी नळातून येता येता कोमट व्हायचं' हेही व्यासपीठावरून सर्रास सांगितलं जातं. उत्खननात मिळालेली मुख्य जलवाहिनी मात्र दक्षिणेकडून, देनिझ्लीच्या बाजूने येते.

'श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं' या येशूच्या वचनातल्या सुईच्या नाकाचंही तेच. यरुशलेमेत त्या नावाचं बुटकं दार होतं, उंट ओझं उतरवून त्यातून जायचा, ही गोष्ट श्रोत्यांना फार आवडते. पहिल्या शतकातला पुरावा एकही नाही. शिवाय गुडघे टेकून उंट जाणारच असेल, तर लगेच पुढचं 'माणसांना हे अशक्य आहे' वाक्य वायाच गेलं.

म्हणून संदेश तयार करताना आधी उतारा तीन-चारदा वाचावा, अडेल तिथे खूण करावी, बायबलचा कोश मग उघडावा. सापडलेली माहिती मुळात कोणी लिहिली, कोणत्या शतकात, हे वहीत टिपावं. अर्ध्या तासाच्या संदेशात पार्श्वभूमीला तीन मिनिटं पुष्कळ झाली.

इ.स. 60 मध्ये लावदिकीया भूकंपात कोसळलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. हे एकच वाक्य सांगावं आणि लगेच प्रकटीकरणाच्या त्याच अध्यायाचं 17वं वचन वाचावं: मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही. शहराचा ताठा मंडळीतही शिरला होता, असं मात्र 'कदाचित' लावूनच म्हणावं. पत्र मंडळीला लिहिलंय, नगरसभेला नाही.