मोडत्या गावांची मापे घेणारा माणूस: रॉय इंग्लंड आणि पेंडन

मित्रहो, आज ज्यांच्याविषयी बोलायचे ठरवले आहे, ते रॉय इंग्लंड १९९५ साली निवर्तले. इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात, डिडकॉट जंक्शनपासून जवळच, लाँग विटनम नावाचे खेडे आहे. तेथील एका जुन्या वास्तूत १९५४ साली त्यांनी जे काम रुजवले, ते आज पेंडन संग्रहालय म्हणून ओळखले जाते; जुन्या खेड्यांच्या आणि रेल्वेच्या छोट्या, प्रमाणबद्ध प्रतिकृती तेथे आहेत. मॉडेल रेल्वेची मंडळे बहुधा एखाद्या झपाटलेल्या माणसाच्या बळावर उभी राहतात आणि तो माणूस गेला की लेआउटचे, म्हणजे रूळ, गाड्या आणि भोवतालचा देखावा मिळून उभ्या केलेल्या मांडणीचे, तुकडे होऊन ते माळ्यावर जातात, हा आपल्या छंदातला नेहमीचा अनुभव आहे. पेंडनच्या वाट्याला ते आले नाही. त्याचे श्रेय रॉय इंग्लंड यांनी ज्या रीतीने या कामाचे नेतृत्व केले त्या रीतीला द्यावे लागते, असे माझे मत आहे.

ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९०६ साली त्यांचा जन्म झाला आणि १९२५ मध्ये, ऐन तारुण्यात, ते इंग्लंडला आले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर त्यांचे विलक्षण प्रेम होते आणि त्या कंपनीचा इंजिनांचा प्रसिद्ध कारखाना स्विंडनला होता. त्याच परिसरातील वॉनबरो या गावी ते राहिले. पण स्विंडनच्या पूर्वेला पसरलेल्या व्हाइट हॉर्सच्या खोऱ्याने त्यांना रेल्वेइतकेच वेड लावले. खडूच्या डोंगरउतारावर पुरातन काळी कोरलेला तो प्रचंड पांढरा घोडा, पायथ्याशी गवताने शाकारलेली घरे आणि खोऱ्यातून डिडकॉटहून स्विंडनकडे धावणारा लोहमार्ग, असे ते दृश्य होते. मात्र ते त्यांच्या डोळ्यांदेखत बदलू लागले. शाकारलेली छपरे उतरवून त्यांवर कारखान्यात तयार झालेले पत्रे चढत होते, जुन्या खिडक्या उखडल्या जात होत्या. हे थांबवण्याची सत्ता त्यांच्याकडे नव्हती, घरे विकत घेण्याइतका पैसाही नव्हता. तेव्हा ती घरे जशी होती तशी, प्रमाणबद्ध प्रतिकृतींच्या रूपाने जतन करायची, हा निश्चय त्यांनी विशी-पंचविशीच्या वयात केला आणि आयुष्यभर पाळला.

या निश्चयाचे वजन कळण्यासाठी थोडा हिशेब मांडला पाहिजे. पेंडनचे प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६ असे आहे. या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा माणूस २२ मिलिमीटरचा होतो आणि नऊ इंच लांबीची वीट जेमतेम तीन मिलिमीटरची. विटांचे छापील कागद चिकटवून भिंत उभी करणे सोपे असते आणि चार फुटांवरून पाहणाऱ्याला त्यात वावगेही वाटत नाही. पेंडनमध्ये मात्र पुठ्ठ्यावर प्रत्येक विटेची रेघ कोरली जाते आणि मग एकेक वीट जलरंगाने स्वतंत्र रंगवली जाते, कारण खऱ्या भिंतीत शेजारच्या दोन विटांचा रंग कधीच अगदी एकसारखा नसतो. प्रतिकृती करण्याआधी त्या घराची मापे घ्यायची, छायाचित्रे काढायची, विटांच्या आणि दगडांच्या छटा टिपून ठेवायच्या, हा शिरस्ता त्यांनी स्वतः घालून दिला. छपरासाठी नळजोडणी करणारे कारागीर नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तो ताग वापरला जातो; त्याच्या बटा कापून, चिकटवून, पुन्हा कातरून छप्पर शाकारावे लागते. अशा एका घराला महिनोन्‌महिने लागतात.

रुळांच्या बाबतीतही तीच काटेकोर वृत्ती होती. दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या 'ओओ' प्रकारच्या मार्गाचे हे अंतर १६.५ मिलिमीटर असते. चार मिलिमीटरच्या प्रमाणात पाहिले तर ते खऱ्या रेल्वेच्या चार फूट साडेआठ इंच अंतरापेक्षा बरेच अरुंद ठरते आणि समोरून येणारे इंजिन चाकांपाशी चिमटल्यासारखे दिसते. पेंडनने १८ मिलिमीटरचा गेज स्वीकारला. त्यामुळे तयार इंजिने आणि डबे आहेत तसे वापरण्याचा मार्गच बंद झाला आणि बरेचसे काम हाताने करणे आले.

अशा ध्येयवेड्या माणसाच्या हाताखाली काम करणे कठीण जाते, हे आपण सर्व जाणतो. त्याचे स्वप्न त्याला इतके स्पष्ट दिसत असते की दुसऱ्याच्या आवडीला तिथे जागाच उरत नाही. रॉय इंग्लंड यांच्याविषयी मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो येथे. त्यांचे स्वप्न व्हाइट हॉर्सच्या खोऱ्याचे होते. पण पेंडनमध्ये आधी पूर्णत्वाला गेले ते डार्टमूरचे दृश्य. नैऋत्य इंग्लंडातील त्या उजाड माळरानावरचा, ग्रेट वेस्टर्नचे अभियंते ब्रुनेल यांच्या पद्धतीचा लाकडी पूल आणि त्यावरून धावणाऱ्या गाड्या, असे त्याचे स्वरूप आहे. ज्या सहकाऱ्यांचा जीव इंजिनांत आणि चालत्या गाड्यांत गुंतला होता, त्यांना त्यामुळे हक्काचे काम मिळाले. गाय विल्यम्स यांच्यासारख्या कारागिराने धातूच्या पत्र्यातून हाताने घडवलेली इंजिने आज पेंडनचे भूषण आहेत. डार्टमूर झाले नसते तर ती धावली कुठे असती? खोऱ्यातील घरांसाठी लावलेली कसोटी इंजिनांनाही लागू झाली, म्हणून दोन वेगळ्या ओढींची माणसे एकाच छपराखाली टिकली. नेत्याने मोजपट्टी ठरवावी आणि विषय सहकाऱ्यांवर सोपवावा, ही गोष्ट मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकाने पेंडनकडून शिकावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

याच मनाच्या मोठेपणाचा दुसरा दाखला मॉडेल रेल्वेचे दुसरे एक छांदिष्ट जॉन अहर्न यांच्या मॅडर व्हॅली लेआउटचा. अहर्न यांची ती दरी पूर्णपणे कल्पनेतली. प्रत्यक्ष घराची मापे घेऊन काम करणाऱ्या इंग्लंड यांच्या पद्धतीहून तिची जात निराळी. तरीही रेल्वेभोवतीचा मुलूख रेल्वेइतक्याच जिव्हाळ्याने घडवणाऱ्या पहिल्या मोजक्या लेआउटांत तिची गणना होते. १९६१ मध्ये अहर्न वारल्यानंतर या लेआउटला आसरा मिळाला तो पेंडनमध्येच, आणि आजही ती तेथे पाहता येते.

आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. तेथील काम १:८७ प्रमाणातले आहे आणि भाऊसाहेबांनंतर त्यांच्या कुटुंबीयांनी ते निष्ठेने सांभाळले. घरच्या माणसांनी वारसा चालवणे ही एक वाट झाली. पेंडनचा वारसा विश्वस्त संस्थेकडे आणि स्वयंसेवकांकडे गेला. त्यांचे रॉय इंग्लंड यांच्याशी रक्ताचे नाते नव्हते, त्यांच्या मोजपट्टीशी होते.

व्हाइट हॉर्सच्या खोऱ्याचे दृश्य त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. त्यातील पेंडन पार्वा हे गाव काल्पनिक आहे, पण तेथील घरे त्या खोऱ्यातल्या खऱ्याखुऱ्या घरांवरून केलेली आहेत. काळही पक्का ठरलेला आहे: १९२० आणि १९३० ची दशके, म्हणजे त्यांनी ते खोरे पाहिले तो काळ. १९९५ नंतर त्या दृश्यात जे जे बसवले गेले, त्यात या काळमर्यादेबाहेरची वस्तू येऊ दिलेली नाही, आणि विटा आजही एकेक करूनच रंगवल्या जातात.