कच्चं मांस, कुत्रा-मांजर आणि आपलं स्वयंपाकघर

नमस्कार मंडळी. कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस द्यावं की नाही, हा प्रश्न हल्ली पशुवैद्यांना फार वेळा विचारला जातो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या आहाराचे जे खरे फायदे दिसतात, ते मांसाचे आहेत. धोके मात्र बहुतेक कच्चेपणाचे आहेत. हे दोन हिशेब वेगळे मांडले की निर्णय सोपा होतो.

आधी फायदे, कारण ते खोटे नाहीत. कोरड्या पॅकेटबंद खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास. मांजर मुळातच कमी पाणी पितं, त्यामुळे ओलं खाणं त्याच्या मूत्रमार्गाच्या भल्याचंच. मांस चांगलं पचतं, म्हणून शी कमी आणि घट्ट होते. स्निग्धांश पुरेसा मिळाला की केसांना चकाकी येते. आपल्याकडे तर कित्येक कुत्री वर्षानुवर्षं दूध-पोळीवर वाढतात. त्यांना मांस मिळू लागलं की महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसणारच. पण यातला कुठलाही फायदा मांस हलकं शिजवल्याने जात नाही. कच्च्याचा म्हणून वेगळा सांगावा असा एकच फायदा उरतो, हाडं चघळून दातांवरचं किटण निघण्याचा. त्याचीही किंमत आहे. बोकडाच्या किंवा म्हशीच्या पायाचं टणक हाड चावताना वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते आणि मग ती काढावी लागते.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच, म्हणून त्याला कच्चं मांसच हवं’ हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या प्रती मोजल्या. लांडग्यात दोन, कुत्र्यांत चार ते तीस! माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगलेला हा प्राणी भात-भाकरी पचवतो. मांजराचं तसं नाही, ते पक्कं मांसाहारी आहे. मांजरांच्या बाबतीत कच्च्याचे समर्थक कॅलिफोर्नियातले डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांच्या १९३२ ते १९४२ या काळातल्या प्रयोगांचा दाखला देतात. शिजवलेल्या मांसावरची मांजरं पिढ्यान्‌पिढ्या खंगत गेली, असं त्यात दिसलं. पण मांजराला टॉरिन हे मांसातलं अमिनो आम्ल खाण्यातून मिळालंच पाहिजे, हे तेव्हा माहीत नव्हतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. मांस उकळलं की टॉरिन पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. ते पाणी खाण्यात राहू द्यायचं, एवढाच त्याचा धडा.

आता प्रमाणांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये ‘बार्फ’ची, म्हणजे कच्चं मांस आणि हाडं यांवर आधारलेल्या आहाराची, कल्पना मांडली. पुढे ८०-१०-१० हे सूत्र रूढ झालं: ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, पाच टक्के कलेजी, पाच टक्के गुर्दा किंवा तिल्ली. वीस किलोच्या प्रौढ कुत्र्याला वजनाच्या अडीच टक्के धरले तर दिवसाला पाचशे ग्रॅम. त्यात हाड पन्नास ग्रॅम. इथे लोक चुकतात. पन्नास ग्रॅम चिकनच्या माना म्हणजे पन्नास ग्रॅम हाड नव्हे. मानेत हाड साधारण तिसरा हिस्सा असतं, म्हणजे माना दीडशे ग्रॅमच्या आसपास लागतात. हाड जास्त झालं की शी पांढरी, खडूसारखी भुगा होणारी येते आणि कुत्रा कुंथत बसतो. कलेजी जास्त झाली की काळी, पातळ होते. पेठा (कोंबडीचं जाड स्नायूंचं जठर) आणि हृदय हे मांसात मोजायचं, कलेजीत नाही. मांजराला रोज कलेजीच घातली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेचे मणके एकमेकांना जुळून येतात. त्याला मग मान वळवून स्वतःचं अंगही चाटता येत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे नुसतं बोनलेस. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस दोनशेच्या आसपास असतं. शरीराला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच हवं. ते मिळालं नाही की गळ्यातली परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढून काढते. वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, उभं राहताना ते कळवळतं, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला तर कॅल्शियम कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही. म्हणून वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या मोठ्या पिल्लावर घरगुती कच्च्या आहाराचा प्रयोग करू नका, असं मी ठामपणे सांगेन. आणि ८०-१०-१० पाळलं म्हणजे सगळं आलं, असंही नाही. रोज फक्त कोंबडी असेल तर जस्त, मँगनीज, आयोडीन, ‘ड’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वं कमी पडतात. जर्मनीत कच्च्या आहाराच्या ९५ घरगुती योजना तपासल्या, तेव्हा साठ टक्क्यांत मोठा असमतोल निघाला.

आता जंतूंचं बघू. ‘आमचा चिकनवाला समोर कापून देतो, ताजं असतं’ हे वाक्य नेहमीचं. ताजं असतं हे खरं. पण कापलेली कोंबडी गरम पाण्यात बुडवतात आणि पिसं काढायच्या ड्रममध्ये टाकतात. ड्रमच्या आत रबराची बोटं फिरतात, कोंबडीवर दाब येतो, आतड्यातली विष्ठा बाहेर येते आणि त्याच रबराला लागून पुढच्या कोंबडीच्या कातडीवर जाते. मग तोच लाकडी ठोकळा, तोच सुरा. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर असे पसरतात. परदेशातलं पॅकेटबंद कच्चं खाणंही यातून सुटत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ दरम्यान १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मिळाला. निरोगी कुत्रा हे जंतू बहुधा पचवून टाकतो, त्याला काही होत नाही. पण त्याच्या शीतून ते बाहेर पडत राहतात, आणि तोच कुत्रा बाळाचा चेहरा चाटतो. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर स्त्री, केमोथेरपी चालू असलेलं कुणी किंवा वयस्कर माणूस असेल, तर कच्च्याचा विषय तिथेच संपतो.

बोकडाच्या अवयवांचा धोका वेगळा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. खाटकाकडे फुफ्फुसात किंवा कलेजीत पाण्याने भरलेले फोड दिसतात. तेवढा भाग कापून तो कुत्र्याला टाकतो, किंवा आपणच स्वस्त म्हणून नेतो. त्या फोडांत एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची पिलावळ असते. कुत्र्याच्या आतड्यात तिचे काही मिलिमीटर लांबीचे कृमी होतात आणि सहा-सात आठवड्यांत शीतून अंडी पडू लागतात. केसांना चिकटलेली अंडी हातावाटे माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुफ्फुसात गाठ वाढते. ती वर्षानुवर्षं कळत नाही आणि अनेकदा शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. पायरँटेलच्या साध्या जंताच्या गोळीने हा कृमी मरत नाही, प्राझिक्वांटेलच लागतं. कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला ते दर सहा आठवड्यांनी द्यावं लागतं.

मांजरांसाठी आता बर्ड फ्लूची भर पडली आहे. २००६ मध्ये नवापूरला देशातली पहिली साथ आली, तेव्हा विषय कोंबड्यांपुरता होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले. पाठोपाठ मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांत तो विषाणू सापडला. मार्जारकुळाला हा विषाणू फार जड जातो: ताप, धाप, तोल जाणं, झटके, आणि काही दिवसांत मृत्यू. म्हणून मांजराला कच्ची कोंबडी अजिबात देऊ नये. यात मधला मार्ग नाही.

फ्रीझरने काय होतं? उणे १७ ते २० अंशांवर सात ते दहा दिवस ठेवलं तर परजीवी मरतात. जीवाणू आणि विषाणू तग धरून राहतात. आणि रोज चार तास वीज जाणाऱ्या गावातला फ्रीझर उणे अठरावर टिकतो, हे गृहीत धरू नका.

मग करायचं काय? एक किलो बोनलेस चिकनचे बारीक तुकडे, पन्नास ग्रॅम कलेजी, ग्लासभर पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, आतला गुलाबी रंग जाईपर्यंत. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश. मीठ, कांदा, लसूण नाही. पाणी फेकायचं नाही. गार झाल्यावर सहा ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, अंड्याच्या कवचाची पूड मिसळा. कवचं धुऊन दहा मिनिटं उकळायची, वाळवायची, मिक्सरमधून मैद्यासारखी बारीक काढायची. हे प्रमाण प्रौढ कुत्र्याचं. रोज हेच द्यायचं असेल तर खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण पशुवैद्यांकडून लिहून घ्या, मांजरासाठी टॉरिनसकट. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही, त्याचे अणकुचीदार तुकडे होतात आणि आतडं फाटतं.

कुणाला तरीही प्रौढ, निरोगी कुत्र्याला कच्चं द्यायचंच असेल, तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बंद डब्यात वितळवा, ओट्यावर नाही. भांडं स्टीलचं ठेवा, वीस मिनिटांत उरलेलं उचला, भांडं वेगळ्या घासणीने गरम पाण्यात धुवा. कोंबडीची मान देताना ती आपल्या हातात धरून चावायला लावा, नाहीतर लॅब्रॅडॉर ती अख्खी गिळतो आणि घशात अडकते. पशुवैद्यांकडे गेलात की आहार कच्चा आहे हे आपणहून सांगा. घरात कुणाला तापासकट जुलाब झाले, तर तुमच्या डॉक्टरांनाही सांगा, म्हणजे ते शौचाचं कल्चर (जंतू ओळखण्याची तपासणी) वेळेत करून घेतील.