नॅटी आहेस का रे भावा?

हे खांदे बघा. मान कुठं संपली आणि खांदा कुठं सुरू झाला कळत नाही, दंडावर अर्धा चेंडू चिकटवल्यासारखा गोळा. जिमच्या आरशासमोरचा हा पोरगा आता एवढ्या घामात जाड हूडी चढवेल आणि त्याची पाठ फिरली की बेंचवरचे दोघं एकमेकांकडं बघून एकच शब्द टाकतील. ज्युसर.

ज्यूस म्हणजे फळांचा नाही हे सांगायला नको. ज्यूसवर आहे, सॉसवर आहे, गिअरवर आहे, सगळ्याचा अर्थ एकच की भाऊ स्टेरॉइड घेतोय. चिडला की रोइड रेज, सारख्या सुया मारतो म्हणून पिनकुशन, म्हणजे टाचण्या खोचायची उशी. मराठीत आपण इतके डोकेबाज नाही, आपण सरळ म्हणतो इंजेक्शनची बॉडी. फुगवलेली.

आणि नजर पहिली खांद्यांवरच का जाते, तर टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन, ही स्टेरॉइडं त्याच जातीची) पेशीतल्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं ते मानेखालच्या ट्रॅप्स स्नायूंमधे मांडीपेक्षा जास्त सापडलेत, त्यामुळे तो भाग आधी चुगली करतो असं जिमवाले म्हणतात.

अशी नावं ठेवण्यामागची जळजळ कुठून येते तेही समजून घ्या. १९९६ मधे एक प्रयोग छापून आला, काही पुरुषांना १० आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना नुसतं खोटं इंजेक्शन, आणि दोन्हीकडं निम्म्यांना वजनं उचलायला लावली न् निम्म्यांना व्यायाम बंद. ज्यांनी औषधाशिवाय घाम गाळला त्यांचं चरबी सोडून वजन वाढलं साधारण २ किलो. ज्यांनी औषध घेऊन व्यायामच केला नाही त्यांचं वाढलं ३ किलोच्या वर. बोला आता. पण थांबा, औषध अधिक व्यायाम करणाऱ्यांचं ६ किलो वाढलं, म्हणजे 'मेहनत न करता बॉडी केली' हा टोमणाही अर्धाच खरा, कारण जे खरंच राक्षसासारखे दिसतात ते मरमर व्यायामही करतात.

गंमत म्हणजे यातले बरेच विनोद घेणाऱ्यांचेच आहेत. 'ट्रेन हार्ड, ईट क्लीन, नेव्हर गिव्ह अप' असं पोस्टरवर असतं ना, त्याचं यांनी केलं 'ट्रेन हार्ड, ईट क्लेन, ॲनाव्हर गिव्ह अप', ट्रेन, क्लेन आणि ॲनाव्हर ही तीन औषधं एका ओळीत बसवली. त्यातलं ट्रेन म्हणजे ट्रेनबोलोन, जे मांसासाठी पाळलेल्या गुरांचं वजन वाढावं म्हणून त्यांच्या कानाच्या कातडीखाली बसवतात. तेच हे लोक स्वतःला टोचतात आणि वर जोक मारतात.

मग खरी शिवी कुठली? माझ्या मते फेक नॅटी. नॅटी म्हणजे नॅचरल, औषध न घेणारा, आणि फेक नॅटी म्हणजे घेतो पण 'मी तर नुसतं खातो न् झोपतो' म्हणतो. लिव्हर किंग आठवतोय का, कच्चं काळीज खाऊन ही बॉडी झाली म्हणून सांगत फिरणारा, त्याचे ईमेल फुटले आणि डिसेंबर २०२२ मधे व्हिडिओ टाकून कबूल करावं लागलं. स्टेरॉइड घेतो हे कोणाला नवीन नव्हतं, खोटं बोलला आणि त्या खोट्यावर माल विकला म्हणून लोक तुटून पडले. उलट जो उघड सांगतो त्याला शिव्या कमी पडतात हे मी स्वतः बघितलंय.

पण एक शब्दांचा गठ्ठा असा आहे की तो ऐकून मला हसू येत नाही. चेहरा सुजून गोल झाला की मून फेस, पोट पुढं आलं की बबल गट, पाठभर पिंपल्स आले की बॅक्ने. ही सगळी लक्षणं आहेत हो, आजाराची यादी आहे, फक्त खिल्लीच्या भाषेत. सगळ्यात वाईट नाव आहे ते 'गायनो'ला, म्हणजे पुरुषाच्या छातीत वाढणाऱ्या गाठीला. ते इथं बोलत नाही, बाईची छाती न् शिवी मिळून बनवलंय. होतं काय की बाहेरून ओतलेल्या टेस्टोस्टेरॉनमधलं काही शरीर इस्ट्रोजेनमधे बदलतं आणि निपलच्या मागं वाटाण्याएवढी गाठ लागते, शर्ट घासला तरी दुखते. सुरुवातीला दाखवलं तर गोळ्यांनी कमी व्हायची शक्यता असते, पण वर्षभर अंगावर काढली की गाठ कडक होते आणि मग बहुतेक वेळा ऑपरेशनच.

आता त्या हूडीकडं परत बघा. ती खांदे झाकायला नव्हती.

आधी तो ज्यानं माल दिला त्याला विचारतो, तो अजून एक गोळी सांगतो. महिने जातात. शेवटी एकदा दवाखान्यात जातो, डॉक्टर गाठ चाचपून बघतात आणि विचारतात, काही औषधं वगैरे घेतोस का?

तो म्हणतो, नाही डॉक्टर. फक्त प्रोटीन.