कोनी आंडेर शे तू?

(पहाट. बोरी नदीकाठचं वावर. टमाट्याच्या झाडांवर लोंबणाऱ्या मलमलच्या छोट्या पिशव्या.)

अमळनेर तालुका. चहूबाजूंनी कपाशी आणि मधे साडेतीन गुंठे टमाटे, होईल तेवढं मोठं फळ धरण्यासाठी राखलेले. लांबून पाहिलं तर झाडांना कुणी नवसाच्या चिंध्या बांधल्यात असं वाटतं. जवळ गेलं की दिसतं, प्रत्येक पिशवीत एकच फूल कोंडलेलं आहे आणि देठाशी दोऱ्याला पत्र्याची चिठ्ठी.

या वावराचे मालक नाना एकेका झाडापुढे थांबतात आणि एकच प्रश्न विचारतात, "कोनी आंडेर शे तू?" अहिराणीत आंडेर म्हणजे लेक. चिठ्ठी उलटून वाचतात. आईचं नाव पटलं की पुढचं झाड.

(वही. पानं उलटणारा हात, नखांत माती.)

ही वही आमच्या चित्रीकरणात जरा जास्तच आली आहे. कबूल आहे. पण ती बघाच. किराणा दुकानात उधारी लिहितात तसली लांबडी लाल वही. उधारीच्या जागी आई, बाप, फूल कधी बांधलं, फळ किती भरलं, आडवं कापल्यावर कप्पे किती. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या खापरपणजोबांची नावं सापडतात ना, तशी इथे टमाट्यांची.

नावं मात्र माणसांची नाहीत, वजनाची. एक किलो १८० ग्रॅम भरलेल्या फळाचं बी म्हणजे 'अकराऐंशी'. ९६० ग्रॅमवाल्याचं 'नऊसाठ'. अकराऐंशीच्या फुलावर नऊसाठचा पराग टाकला, की लेकरू दोघांच्या नावानं वहीत चढतं. ही रीत नानांनी शोधलेली नाही. अवाढव्य फळं पिकवणारे जगभर बियाणं असंच ओळखतात: फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव, साल.

(शेडची भिंत. खडूनं लिहिलेले चार आकडे.)

अमेरिकेत जाऊन चित्रीकरण करण्याइतकं आमचं बजेट नव्हतं. नानांच्या शेडमधली भिंत आहे, तिच्यावर जगातल्या सगळ्यात जड टमाट्यांचे आकडे. १९८६ साली ओक्लाहोमात 'डिलिशस' जातीचं टमाटं भरलं ३.५१ किलो. हा विक्रम मोडायला २०१४ उजाडलं. मिनेसोटातलं 'बिग झॅक' ३.८१ किलो भरलं. २८ वर्षांत वाढ ३०० ग्रॅमची. मग 'डोमिंगो' नावाचं वाण आलं. २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यात ४.८९६ किलो आणि २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात ५.२८४. आठ वर्षांत जवळपास दीड किलो! खतं सगळ्यांकडे होती, पाणीही होतं. आमचं मत विचाराल तर खरी करामत वंशावळीची आहे. कुणाचा पराग कुणावर टाकला हे लिहून, मगच पाकिटं एकमेकांना दिली गेली.

(फुलाचा अगदी जवळून शॉट. दोन फुलं एकात मिसळल्यासारखं बेढब, रुंद फूल.)

या फुलाकडे पाहा. साध्या टमाट्याच्या फुलाला पाच-सहा पाकळ्या. इथे मोजता मोजता आमच्या कॅमेरामनचा घोळ झाला. अनेक फुलं जन्मतःच एकमेकांत जुळून हे एक झालं आहे. रानटी टमाट्याच्या फळात दोनच कप्पे असतात आणि फळ बोराहून लहान. कप्प्यांची संख्या वाढवणारे दोन जनुकीय बदल शास्त्रज्ञांनी शोधले आहेत, 'लॉक्यूल नंबर' आणि 'फॅसिएटेड'. भलं मोठं टमाटं म्हणजे या दोघांची कमाई. ती आई-बापाकडून येते, युरियाच्या गोणीतून नाही.

(संध्याकाळ. चिमटा. नानांचा श्वास ऐकू येतो, तो तसाच ठेवावा.)

उद्या उमलणारं फूल आज संध्याकाळी धरायचं. पाकळ्या अजून फिक्या पिवळ्या हव्यात. चिमट्यानं परागकोशांची नळी, म्हणजे फुलाचा नर भाग, अलगद सोलून काढायची, मधली काडी, म्हणजे मादी भाग, शाबूत ठेवायची. काडी मोडली की फूल गेलं. सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाला बॅटरीवरचा टूथब्रश लावला की पराग भुरभुरत काचेवर पडतो. तो बोटानं काडीच्या टोकाला. पिशवी, दोरा, चिठ्ठी. टमाट्याचं फूल तसं घरच्या घरीच लग्न उरकणारं, पण या रुंद फुलांची काडी बाहेर डोकावते आणि मधमाशी कुठला पराग आणून टाकेल याचा नेम नसतो. म्हणून ही पिशवी.

हे काम दिवाळीच्या आगेमागेच. खान्देशातला उन्हाळा ठाऊक असलेल्याला कारण सांगायला नको. रात्र गरम राहिली की टमाट्याचं फूल फळ न धरताच गळतं.

(वहीचं पहिलं पान. 'आई' आणि 'बाप' या रकान्यांत आडव्या रेघा.)

पहिल्या पानावर मात्र दोन्ही रकान्यांत रेघा आहेत. सुरुवात दुकानातल्या पाकिटानं झाली. पाकिटावर जातीचं नाव होतं, उगवणशक्ती होती, लॉट नंबर होता. आई-बाप नव्हते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली नवं वाण नोंदवायचं तर अर्जात जनक वाणांची पूर्ण माहिती द्यावी लागते. पाकिटावर ती छापायची सक्ती नाही. आणि संकरित वाणाचं बी घरी धरलं की पुढच्या पिढीत भावंडं एकमेकांना ओळखत नाहीत, एक उंच, एक बुटकं, एक फळाविना. नानांनी त्यातूनच निवडत निवडत पाच पिढ्या काढल्या. दर पिढीला स्वतःच्याच परागानं फळ धरलं की मिश्रपणा निम्मा होत जातो. बी राखण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क याच कायद्याच्या ३९ व्या कलमात लिहिला आहे. तो ठळक अक्षरांत पडद्यावर यावा असा आमचा हट्ट होता, आणि आला आहे.

नानांच्या आईकडे वही नव्हती. भरताच्या वांग्याच्या ताटव्यातल्या सगळ्यात देखण्या वांग्याला ती चिंधी बांधायची. ते पिवळं पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बी राखेत घोळून गाडग्यात. पुढे घरात तयार रोपं यायला लागली आणि ते वांगं गेलं.

(स्टीलच्या पेल्यात फसफसणारा टमाट्याचा गर.)

दोन-तीन दिवस गर असा आंबू द्यायचा, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. पेल्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. दोन पेले शेजारी ठेवायचे नाहीत. काकूंनी एकदा भांडी घासताना पट्ट्यांची अदलाबदल केली होती. त्या वर्षीचं अख्खं पान वहीत खोडलेलं आहे.

(वजनकाटा. फेब्रुवारी. सात-आठ माणसं, चहाचे कप.)

वावरातल्या झाडांच्या मधल्या दोन ओळी पांढऱ्या माशीनं आणलेल्या पानगुंडाळी विषाणूत गेल्या, उपटाव्या लागल्या. वजनाच्या चढाओढीत नानांचं फळ भरलं १.४६० किलो. तिसरा नंबर.

(नानांचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

(रोपांचा ट्रे. एका कप्प्यातली चिठ्ठी पावसानं पुसलेली.)

हे रोप कुणाचं, ते आता कळायला मार्ग नाही. नाना ते फेकत नाहीत. बांधावर, हापशाच्या पाण्याजवळ लावतात. फळं आली की काकू ठेच्याला तोडतील. त्याचं बी मात्र धरायचं नाही.